झाडांच्या टाकीवरचा तवंग: तेलाचा, लोखंडाचा की जीवाणूंचा?

कुडाळजवळच्या एका गावातून आलेला प्रश्न थोडक्यात असा. दोन फुटी टाकी, चार महिने जुनी. तळाला परसातली तांबडी माती, तिच्यावर नदीची वाळू. व्हॅलिस्नेरिया, क्रिप्टोकोरिन आणि थोडा रोटाला. झाडांसाठी साखर-यीस्टच्या बाटलीतून सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड. फिल्टरला स्प्रे बार, म्हणजे पाणी सोडणारी भोकांची आडवी नळी आहे, पण सीओटू उडून जाऊ नये म्हणून तो पाण्यात बुडवून खाली वळवलेला. गप्पी, निऑन टेट्रा आणि एक गुरामी. खाऊ म्हणजे दुकानातले फ्लेक्स आणि अधूनमधून घरचा चुरलेला जवळा. रोज सकाळी पाण्यावर इंद्रधनुषी रंगांचा तवंग असतो आणि निऑन वर येऊन तोंडं उघडत राहतात. टिश्यूने तवंग निघतो, दुसऱ्या सकाळी पुन्हा हजर. दुकानदाराने यूव्ही दिवा, बाटलीतलं एक औषध आणि काळ्या मोली जातीचे चार मासे असे तीन उपाय सुचवलेत. यातला कुठला घ्यावा, आणि पाणी हलवलं तर सीओटू वाया जातो का?

तिन्हीपैकी काही घेऊ नका. आज संध्याकाळीच स्प्रे बार वर घ्या आणि त्याची भोकं तिरकी वरच्या बाजूला करा. पाण्यावर सतत बारीक लहरी उठल्या पाहिजेत. फेस नको, धबधबा नको. वरून पाहिल्यावर दिव्याचं प्रतिबिंब एका जागी स्थिर दिसता कामा नये, एवढंच माप पुरे. घरात एअर पंप असेल तर रात्री दिवा बंद झाल्यावर तो लावा. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल, पण हे आधी करा. तुमच्या टाकीत तवंगापेक्षा माशांचा श्वास तातडीचा आहे.

निऑन सकाळीच वर का येतात? झाडं उजेडात प्राणवायू सोडतात, अंधारात मात्र तीसुद्धा तो वापरतात. मातीतले आणि फिल्टरमधले जीवाणू तर चोवीस तास वापरतच असतात. त्यामुळे पाण्यातला साठा रात्रभर उतरत जातो आणि दिवा लागण्याच्या आधी सर्वांत कमी असतो. पाणी तापलेलं असलं की मुळात साठाच लहान. २५ अंशांना गोड्या पाण्यात फार तर ८.३ मिलिग्रॅम प्रतिलिटर प्राणवायू मावतो, ३० अंशांना साधारण ७.५. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वर पंखा नसलेल्या टाकीचं पाणी तिशी सहज ओलांडतं. त्यात तुमची यीस्टची बाटली रात्री बंद होत नाही. झाडं अंधारात सीओटू घेत नाहीत, बाटली मात्र देतच राहते. पृष्ठभाग निश्चल आणि वर तवंग, म्हणजे प्राणवायू आत यायला वाट नाही आणि सीओटूला बाहेर जायला वाट नाही. तुमचा गुरामी या सगळ्यात मजेत दिसत असेल. त्याला वरची हवा थेट घेता येते, त्यामुळे त्याच्याकडे बघून टाकीचा अंदाज बांधू नका.

एवढ्या पातळ थराने असं काय अडणार, असं वाटणं साहजिक आहे. हवा आणि पाण्यातली देवाणघेवाण मुख्यतः पाणी वरखाली होण्यावर चालते. लहर उठली की वरचं पाणी खाली जातं, खालचं वर येतं. तवंग नेमकी ती बारीक लहरच मारून टाकतो. डासांच्या अळ्या मारायला डबक्यांवर आणि गटारांवर जे तेल फवारतात, तेही पृष्ठभागावरच काम करतं. अळी श्वासासाठी नळी वर काढते आणि तिथे तिला तेलाचा थर भेटतो. तुमच्या टाकीत कोणी तेल फवारलेलं नाही, पण पृष्ठभाग बंद पडला की आतल्या जिवांचं काय होतं ते यावरून कळेल.

आता सीओटूची भीती. झाडांची टाकी करणाऱ्या नव्या माणसाच्या डोक्यात ही इतकी घट्ट बसलेली असते की तो मासे तोंडं उघडताना पाहतो, तरी स्प्रे बार वर करत नाही. पाणी हलवल्यावर सीओटू जातो, हे खरंच आहे. उघड्या हवेशी समतोल झालेल्या पाण्यात तो लिटरला अर्धा-पाऊण मिलिग्रॅमच उरतो आणि आपण टाकीत २० ते ३० मिलिग्रॅम ठेवू पाहतो. म्हणजे वरचा सगळा बाहेर पडायला टपलेलाच असतो. पण मग पुरवठा थोडा वाढवा. सीओटू बाटलीतून वाढवता येतो, प्राणवायूला पृष्ठभागाशिवाय दुसरी सोपी वाट नाही. चांगल्या हलत्या पाण्यात सीओटू एका पातळीला येऊन स्थिर राहतो, तो दिवसभर चढत जाऊन रात्री माशांच्या अंगावर येत नाही. पातळी बघायला ड्रॉप चेकर, म्हणजे रंग बदलून सीओटू दाखवणारी छोटी कुपी टाकीत लावा, आत ४ डीकेएचचा (डीकेएच हे पाण्याच्या कार्बोनेट कठीणतेचं माप) द्राव घाला. हिरवा म्हणजे साधारण ३० मिलिग्रॅम, पिवळा म्हणजे जास्त, निळा म्हणजे कमी. तो दीड-दोन तास मागे असतो, तेवढं लक्षात ठेवा.

आणि मनापासून सांगायचं तर तुमच्याकडे जी झाडं आहेत त्यांना बाटलीची गरज नाही. व्हॅलिस्नेरिया आणि क्रिप्टोकोरिन नुसत्या मातीवर उत्तम वाढतात. क्रिप्टोकोरिन स्पायरालिससारख्या जाती तर आपल्याच वहाळांतल्या आहेत. रोटाला जरा सावकाश वाढेल, लाल कमी होईल, एवढंच. मी तुमच्या जागी असतो तर बाटली काढून ठेवली असती.

बाटली ठेवायचीच असेल तर तिच्याकडे तवंगाचा संशयित म्हणूनही बघा. यीस्ट जोरात असताना बाटलीत फेस चढतो आणि नळीतून टाकीत उतरतो. त्यात साखर, यीस्ट, थोडा अल्कोहोल सगळंच असतं. एवढी मेजवानी मिळाल्यावर टाकीतल्या जीवाणूंना दोन दिवसांत पृष्ठभाग झाकायला आणखी काही लागत नाही. उन्हाळ्यात हे हमखास होतं, गुळाचं पाणी वापरलं की जास्तच. मधे पाण्याने अर्धी भरलेली दुसरी छोटी बाटली जोडा. पहिल्या बाटलीची नळी तिच्या पाण्यात बुडवा, टाकीकडे जाणारी नळी वरच्या मोकळ्या जागेतून काढा. फेस तिथेच अडतो. त्या बाटलीतलं पाणी गढूळ झालेलं दिसलं की समजायचं, हे आजवर टाकीत जात होतं.

आता तवंग ओळखू. सकाळी दिवा लागण्याच्या आधी फिल्टर पाच-दहा मिनिटं बंद ठेवा, पाणी निश्चल होऊ द्या आणि स्वच्छ कोरड्या काडीने तवंगाला मधोमध टोचा. तो तेलाचा असेल तर भोक पडतं, रंग गरगरतात आणि क्षणात भोक पुन्हा बुजतं. लोखंडाचा असेल तर तवंग काचेला तडा जावा तसा फुटतो आणि कोनेदार तुकडे एकमेकांपासून दूर तसेच तरंगत राहतात. जीवाणूंचा असेल तर तो राखाडी-दुधट दिसतो, काडी ओढली की सायीसारखा सुरकुततो आणि काडीला चिकटून येतो. झाडांच्या टाकीत सर्वांत जास्त हा तिसराच आढळतो. शुद्ध प्रकार क्वचितच मिळतो. तेल असलं की त्यावर जीवाणू येतातच. पण मुख्य कुठला ते काडीवरून कळतं आणि उपाय त्याप्रमाणे पूर्ण बदलतो. चौथा एक प्रकार असतो, पांढरा, कडकडीत, कपच्या निघणारा. तो चुन्याचा. परसात नवा सिमेंटचा हौद बांधून त्यात लगेच पाणी भरलं की दिसतो. काचेच्या टाकीत आणि आपल्या मृदू पाण्यात त्याची चिंता करायला नको.

तुमच्या वर्णनातली तांबडी माती आणि इंद्रधनुषी रंग हे दोन शब्द वाचल्यावर माझा पहिला संशय लोखंडावर आहे. आपली माती जांभ्याची, लोहाने भरलेली. ती वाळूखाली पाण्यात दाबली गेली की तिच्यातला प्राणवायू काही दिवसांत संपतो. मग तिथले जीवाणू प्राणवायूऐवजी मातीतल्या गंजलेल्या लोहावर श्वसन चालवतात आणि ते न विरघळणारं लोह विरघळणाऱ्या रूपात येतं. हे विरघळलेलं लोह वाळूतून वर झिरपतं, पृष्ठभागाजवळ त्याला हवा मिळते आणि तिथे लेप्टोथ्रिक्ससारखे लोहजीवाणू त्याची पातळ, ठिसूळ चादर विणतात. रंग दिसतात ते चादर पातळ असल्यामुळे, तेल असल्यामुळे नव्हे.

कोकणात हे बघायला टाकी लागत नाही. पाऊस सरला की भातखाचरात साचलेल्या पाण्यावर, रस्त्यासाठी कापलेल्या जांभ्याच्या पायथ्याशी जिथे पाणी पाझरतं तिथे, तळाला नारिंगी बुळबुळीत गाळ आणि वर रंगीत पापुद्रा असतो. कोणाच्या तरी गाडीतून डिझेल सांडलं, असं लोक म्हणतात. काडी घालून बघितलंत तर तुकडे होतात.

काडीने लोखंड सांगितलं तर घाबरायचं कारण नाही, माशांना या चादरीचं विष नसतं. पाण्यात प्राणवायू भरपूर राहिला की लोह खालीच, वाळूच्या वरच्या थरात गंजून बसतं, पृष्ठभागापर्यंत पोचत नाही. म्हणून पुन्हा स्प्रे बार. दुसरं, मुळं. व्हॅलिस्नेरिया आणि क्रिप्टोकोरिन मुळांतून आसपासच्या मातीत प्राणवायू सोडतात, तेव्हा जिथे वाळू उघडी आहे तिथे धावत्या फुटव्यांची रोपं लावून टाका. तिसरं, माती उकरू नका. झाड उपटून जागा बदलायची सवय असेल तर ती या टाकीत सोडा. प्रत्येक उपटण्याबरोबर गाळ आणि लोह वर येतं. लांबट शंकूसारख्या शंखाच्या गोगलगायी दुकानात ट्रम्पेट स्नेल म्हणून मिळतात, त्या वाळूत हळूहळू वावरतात आणि थर घट्ट होऊ देत नाहीत. त्या चालतील. पुढच्या वेळी टाकी लावाल तेव्हा माती बोटभर जाडीच्या आत ठेवा, शेणखत अजिबात मिसळू नका आणि वर दोन बोटं वाळू घाला. शेणखताची टाकी पहिले दोन-तीन महिने वरून सायच काढत बसते.

पाणी विहिरीचं असेल तर तेही तपासा. बादली भरून रात्रभर उघडी ठेवा. सकाळी वर पापुद्रा आणि तळाला तांबूस गाळ दिसला तर लोह विहिरीतूनच येतं आहे. अशा वेळी पाणी मोठ्या पिंपात घेऊन एअर स्टोन लावून एक दिवस खेळवायचं, मग बसू द्यायचं आणि मधलं पाणी नळीने टाकीत घ्यायचं, वरचं नाही आणि तळाचंही नाही. पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकते, त्या दिवसांत अँटिक्लोरीन घातल्याशिवाय पाणी वापरू नका.

तेलाच्या तवंगाबद्दल मात्र थोडं लांबण लावतो, कारण किती कमी तेल लागतं याची कल्पना नसते. बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळच्या क्लॅपहॅमच्या तळ्यावर एक चहाचा चमचा तेल ओतलं आणि सुमारे अर्धा एकर पाणी शांत झालं. हा प्रयोग त्याने १७७४ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात लिहिला. त्या हिशोबाने तेलाचा एक थेंब साधारण वीस चौरस मीटर पाणी झाकतो. तुमच्या टाकीचा पृष्ठभाग दोन फूट बाय एक फूट, म्हणजे पाव चौरस मीटरही नाही. एका थेंबात तुमच्यासारख्या शंभर टाक्या झाकून होतील. म्हणून ‘मी कुठे तेल घालतो?’ या प्रश्नाला अर्थ नाही. थेंबाचा शंभरावा भाग पुरतो.

तो येतो कुठून, ते आपल्या घरात शोधायचं. जवळा घ्या. सुकवलेला असला तरी थोडं तेल त्यात असतंच. चुरून टाकला की मोठे तुकडे मासे खातात, पीठ वर पसरतं. द्यायचाच असेल तर कोमट पाण्यात भिजवून, चहाच्या गाळणीत धुऊन, चिमटीने द्या आणि आठवड्यातून एकदाच. काही जण मोठ्या माशांना बांगड्याचे, तारलीचे तुकडे घालतात. तारली तर तेलाचाच मासा, तो झाडांच्या टाकीत नकोच. फ्लेक्सही पाण्यावर पडताच तेल सोडतात. बुडणारे बारीक दाणे घ्या, दीड-दोन मिनिटांत संपतील एवढेच टाका आणि आठवड्यातला एक दिवस मासे उपाशी ठेवा. निऑनला आणि गप्पीला त्याने काही होत नाही. खाऊचं हे एक वळण लावलं की निम्म्या टाक्यांचा तवंग महिनाभरात ओसरतो, मला तरी असंच दिसत आलं आहे.

दुसरं ठिकाण स्वयंपाकघर. आपल्याकडे टाकी बहुधा स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत असते. फोडणी, तळलेली सुरमई, घावनाच्या तव्यावरचा धूर, त्यातली तेलाची वाफ थंड पृष्ठभाग शोधते. एअर पंप तिथेच ठेवला असेल तर तो ती हवा ओढून थेट पाण्यातून काढतो. पंप दुसऱ्या खोलीत ठेवा आणि नळी लांब घ्या. टाकीवर काचेचं झाकण ठेवा, मागे दोन बोटं फट सोडून. आपल्या दमट हवेत पूर्ण बंद झाकणाने दिव्याची फिटिंग गंजते, वर गरम हवा कोंडते.

डासांच्या लिक्विड मशीनबद्दल इथेच सांगून टाकतो, ती गोष्ट तवंगाहून गंभीर आहे. त्यातली द्रव्यं पायरेथ्रॉइड जातीची असतात. माणसाला त्यांचा फारसा त्रास होत नाही, पण माशांना आणि झिंग्यांना ती फार घातक असतात. टाकीच्या खोलीत मशीन लावू नका, आणि एअर पंप चालू असलेल्या खोलीत तर मुळीच नको. कॉइल, ऊद, धूप यांचा धूरही पाण्यावर बसतो.

हात. केसांना खोबरेल लावून, तोच हात नुसत्या पाण्याने धुऊन झाडं छाटायला बसलं की संध्याकाळी तवंग. साबण लावायचा, पण मग हात कोपरापर्यंत भरपूर पाण्याने खळखळून धुवायचा, कारण साबणही पृष्ठभागावरच जाऊन बसतो. टाकीची बादली आणि स्पंज वेगळे ठेवा, भांड्यांचा साबण त्यांना लागता कामा नये.

जीवाणूंच्या तवंगाला खाद्य मिळतं ते बहुतेक कुजणाऱ्या झाडांतून. दुकानात मिळणारी बरीच झाडं पाण्याबाहेर वाढवलेली असतात. टाकीत आली की जुनी पानं सोडतात आणि मग नवी, पाण्यातली पानं काढतात. क्रिप्टोकोरिन तर जागा बदलली तरी रुसतो, पानं अक्षरशः वितळतात. ती पिवळी, पारदर्शक झालेली पानं बुडापासून कापून काढा, ‘खत होईल’ म्हणून ठेवू नका. नवं लाकूडही पहिले काही आठवडे हेच करतं. नदीकाठचं लाकूड असेल तर उकळून, मग पाणी बदलत भिजत ठेवून वापरा. समुद्रावर वाहून आलेला ओंडका मिठाने भरलेला असतो, तो मी गोड्या पाण्यात घालत नाही. देशी बदामाची पानं पूर्ण वाळलेलीच घाला, दोन पुरेत. समुद्राची वाळूही नको, तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो. लिंबाचा रस टाकून बघा, फसफसली की कळेल. शिवाय किनाऱ्यावरची वाळू उचलणं कायद्यातही बसत नाही.

आता जो तवंग आज आहे तो काढायचा कसा. टिश्यू तुम्ही वापरताच, पण बहुतेक जण तो पाण्यावर टेकवून लगेच उचलतात. टाकीच्या रुंदीएवढा साधा, बिनवासाचा टिश्यू एका टोकाला पाण्यावर अलगद पसरा, तो भिजू द्या आणि पृष्ठभागावरून सरळ दुसऱ्या टोकापर्यंत ओढत न्या, मग उचला. आग्नेस पोकेल्स नावाच्या जर्मन बाईंनी घरच्या स्वयंपाकघरात पत्र्याच्या उथळ तबकडीवर धातूची पट्टी अशीच सरकवून पाण्यावरचे थर गोळा केले आणि मोजले. त्यांचं पत्र ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८९१ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाकडे पाठवलं आणि पृष्ठभागाच्या विज्ञानाची एक वाट तिथून निघाली. ओढण्याने तवंग एका कडेला दाटतो. नुसतं टेकवल्याने अर्धा मागे राहतो.

याहून मला फुलपात्र आवडतं. फिल्टर बंद करायचा, पाणी स्थिर होऊ द्यायचं, फुलपात्र सरळ धरून हळूहळू खाली दाबायचं, त्याची कड पृष्ठभागाच्या केसभर खाली जाईल इतकंच. सगळीकडून तवंग धावत येऊन आत पडतो. भरलं की ओतून टाकायचं. दोन फुटी टाकीला सहा-सात फुलपात्रं होतात. नाहीतरी पाणी बदलायचंच असतं, तर पहिले दोन-तीन लिटर असे वरून काढा आणि मग नळी तळाला लावा. तुमच्या टाकीत माती-वाळू वजा जाता पंचावन्न-साठ लिटर पाणी असेल. आठवड्याला पंधरा-वीस लिटर बदललं तर उत्तम. काही दिवस न चुकता एवढं करा, पण हे सफाईचं काम आहे, त्याने येणारा तवंग थांबत नाही.

दुकानदाराच्या तीन उपायांबद्दल. यूव्ही दिवा फिल्टरमधून जाणाऱ्या पाण्यातले जीव मारतो. तवंग वर बसलेला असतो आणि फिल्टरचं तोंड खाली, त्यामुळे दोघांची भेटच होत नाही. हिरव्या पाण्याला यूव्ही चांगला, याला नाही. बाटलीतलं औषध म्हणजे बहुधा जीवाणू किंवा एन्झाइम असतं. चार महिन्यांच्या टाकीत जीवाणूंची कमतरता नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा अँटिबायोटिक ओतायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्यात फिल्टरमधले अमोनिया खाणारे जीवाणूही मरतात. राहिल्या काळ्या मोली. त्या खरंच तवंग टिपतात, जीवाणूंचा असेल तर. तेल आणि लोखंड त्या खात नाहीत. पण मोलीला कठीण, क्षारयुक्त पाणी लागतं आणि जांभ्याच्या विहिरीचं पाणी मृदू. काही आठवड्यांत त्या जागच्या जागी डुलायला लागतात, पंख मिटतात. शिवाय चार मोलींची विष्ठा आणि चार मोलींचा खाऊ त्या साठ लिटरमध्येच जातो. गप्पी तुमच्याकडे आहेतच, तेही वरून टिपत असतात.

रत्नागिरीतल्या झाडगावच्या मत्स्यालयात समुद्री मासे बघून आलेले लोक प्रोटीन स्किमरबद्दल विचारतात. पावसाळ्यात उधाणाच्या वेळी किनाऱ्यावर जो पिवळट फेस लोळतो, तो समुद्रातली सेंद्रिय द्रव्यं लाटांनी घुसळल्यामुळे होतो आणि प्रोटीन स्किमर तेच काम नळकांड्यात करतो. पण त्याला खारं पाणी लागतं. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक आणि वेगळे राहतात, गोड्या पाण्यात ते एकत्र होऊन मोठे होतात आणि फेस टिकत नाही. गोड्या टाकीसाठी मिळतो तो सरफेस स्किमर, ते वेगळंच यंत्र आहे. छोटा पंप, वर तरंगणारा पेला, पृष्ठभागाचं पाणी आत ओढून स्पंजातून बाहेर. हे उपयोगी आहे. घ्यायचं झालं तर टायमरवर सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास चालवा. चोवीस तास चालवलं की गप्पीची पिल्लं आणि झिंगे पेल्यात ओढले जातात. स्पंज दर दोन-तीन दिवसांनी धुवा, नाहीतर पकडलेला माल तिथेच कुजून पुन्हा पाण्यात विरघळतो. पण तुम्ही आधी स्प्रे बार, खाऊ आणि बाटली यांची व्यवस्था लावा. तीन-चार आठवड्यांनंतरही सकाळी तवंग राहिला तर स्किमरचा विचार करा. माझ्या मते तुम्हाला त्याची वेळ येणार नाही.

पाण्याची पातळी बघत राहा. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पाणी उतरलं की स्प्रे बार उघडा पडून धबधबा होतो, तुम्ही वैतागून तो खाली दाबता, वरून पाणी भरता आणि पृष्ठभाग पुन्हा निश्चल. काचेवर बाहेरून मार्करने रेघ ओढा आणि पातळी तिथेच ठेवा. पाण्यावर तरंगणारी झाडं हवी असतील तर एअर पंपच्या नळीचं गोल कडं करून त्यात अडवा. निम्मा पृष्ठभाग तरी उघडा राहू द्या.

पावसाळ्याची तयारी आताच करून ठेवा. पहिल्या सरी पडल्या की संध्याकाळी वाळवीचे पंखवाले किडे दिव्यावर झेपावतात, आणि खोलीत सर्वांत उजळ दिवा टाकीचाच असतो. मासे ते आनंदाने खातात, पण किडे चरबीचे असतात आणि पंख पाण्यावर थरच्या थर राहतात. त्या दोन-चार संध्याकाळी टाकीचा दिवा लवकर बंद करा, सकाळी पंख गाळणीने काढा. विजेचं आपल्याकडे काय होतं ते मी सांगायला नको. फिल्टर बंद पडला की दोन-तीन तासांत तवंग जमायला लागतो. यूएसबीवर चालणारा छोटा एअर पंप आणि एक पॉवर बँक टाकीखालच्या कपाटात ठेवा, रात्र सहज निघते. यीस्टची बाटली ठेवली असेल तर वीज गेल्यावर तिची नळी टाकीतून बाहेर काढा. आणि फिल्टर बंद डब्याचा असेल आणि रात्रभर बंद राहिला असेल, तर वीज आल्यावर बटण दाबण्याआधी डबा उघडून आतलं पाणी फेका आणि स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळून घ्या. त्या साचलेल्या पाण्यात प्राणवायू नसतो, ते आधीच हैराण झालेल्या माशांच्या तोंडावर सोडायचं नाही.